टॉवरवाले मिस्त्री

माझ्या मुलाखतीत मिस्त्रींनी मला एकही प्रश्न विचारला नाही. टेबलाखालच्या काळ्या कॉम्प्युटरकडं पेन्सिल दाखवून एवढंच म्हणाले, "ते उचल."

मी मलकापुराहून डिप्लोमा घेऊन, नवी चप्पल घालून, फाईलमध्ये सगळी सर्टिफिकेटं ओळीनं लावून आले होते. कॅड कुठलं येतं, सिम्युलेशन किती येतं, याची उत्तरं एस्टीत घोकून ठेवली होती. उचलायचं कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरी डेअरीला दूध घालायचं काम माझ्याकडं असायचं, त्यामुळं कॅन उचलायची सवय होती. मी वाकले, तळाला हात घातला आणि तो टॉवर, म्हणजे कॉम्प्युटरचा उभा डबा, छातीशी धरून उभी राहिले.

"किती भरंल?"

"वीस लिटरच्या भरल्या कॅनपेक्षा कमी. पंधरा किलो असेल."

"तळाला हात घातलीस. भले!" मिस्त्री म्हणाले. "तुझ्या आदी आलेल्या पोरानं वरचा पत्रा धरून वढला. ठेव खाली, सावकाश. उद्यापासनं ये."

फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मी जिना उतरताना खालच्या लेथच्या दुकानातले आप्पा ओरडले, "उचलला काय गं?" मी होय म्हणाले. "मग पास!" आप्पा म्हणाले आणि पुन्हा लेथ चालू केला.

उद्यमनगरात, म्हणजे आमच्या त्या लहान कारखान्यांच्या वस्तीत, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी लाकडी पॅटर्न केले होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, आणि मागं जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. मिस्त्रींचा पॅटर्न म्हणजे हात फिरवला तर मुंगीचा पायसुद्धा अडकू नये असा. पुढं ओतकाम करणारे फौंड्रीवाले म्हणायला लागले की, आधी कॉम्प्युटरवर ओतून दाखवा, आत हवा कुठं अडकते, पोकळी कुठं राहते ते दिसू दे, मगच भट्टी पेटवू. मिस्त्रींनी आठ दिवस विचार केला, टॉवर घेतला, आणि तो चालवायला माणूस ठेवला. तो माणूस म्हणजे मी.

स्वतः त्यांनी माऊसला हात लावला नाही. "उंदराला मी शिवत न्हाय," म्हणायचे. कानावर पेन्सिल ठेवून माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे आणि चूक दिसली की पेन्सिलीनं थेट स्क्रीनवर टिंब काढायचे. संध्याकाळपर्यंत स्क्रीनला देवी आल्यासारखं दिसायचं. मी ओल्या फडक्यानं पुसायला लागले की म्हणायचे, "आधी वहीत उतरवून घे, इंजिनेर. मग पूस."

ते मला इंजिनेर म्हणत. रागावले की इंजिनेर बाई.

टॉवर दुकानातून आला तसा त्यांनी ठेवला नव्हता. त्याला सागवानाचे चार पाय बसवले होते, जमिनीपासून बरोबर चार बोटं वर. एका बाजूचा पत्रा काढून तिथं दुधाच्या कपाटाला असते तशी बारीक जाळी, लाकडी चौकटीत. रोज सकाळी आल्यावर मिस्त्री त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून ताप बघायचे. दर शनिवारी खालून आप्पांच्या कॉम्प्रेसरची नळी वर यायची आणि धूळ उडवायचा कार्यक्रम व्हायचा. त्या वेळी पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवायचे, वाऱ्यानं गरागरा फिरून पंखा बिघडू नये म्हणून. कोण म्हणेल या माणसाला कॉम्प्युटर येत नाही?

लॅपटॉप हा शब्द काढला की मात्र त्यांचं तोंड कारल्यासारखं व्हायचं.

"जे मांडीवर बसतंय ते लेकरू," ते म्हणायचे. "लेकराला पोती उचलायला लावतंय काय कोण? आणि आवाज बघ त्याचा. डास गुणगुणल्यागत. काम करणाऱ्यानं आवाज केला पायजे. आवाज न करता काम करणारा एक तर देव असतोय, न्हायतर कामचुकार."

आमचा टॉवर या बाबतीत अजिबात कामचुकार नव्हता. लोखंड ओतायचं गणित चालू झालं की असा घोंघावायचा की, फोनवर बोलायला जिन्यात जावं लागे.

मिस्त्रींची ही कीर्ती उद्यमनगराबाहेर गेली होती. लोक त्यांना विचारायला यायचे, डेस्कटॉप घ्यावा का लॅपटॉप. मिस्त्री कधी किंमत किंवा कंपनी विचारत नसत. "बसतोस कुठं? हिंडतोस किती? घरात उंदीर हाईत काय?" असले प्रश्न असायचे. एकदा गगनबावड्याचे एक शिक्षक आले. त्यांना शाळेसाठी व्हिडिओ तयार करायचे होते, तासन्‌तास काम चालणार होतं.

"पाऊस किती तुमच्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

"विचारू नका. कपाटातल्या चपलांना बुरशी येते."

"मग टॉवरच घ्या. आणि चार महिनं बंद करू नका. ह्यो आपल्या अंगच्या उबंनं कोरडा ऱ्हातोय."

शिक्षकांनी टॉवर घेतला. श्रावणात पेढे घेऊन परत आले. व्हिडिओ उत्तम झाले होतेच, पण घरचे खूश होते ते वेगळ्याच कारणानं. टॉवरच्या मागून जी गरम हवा येते तिच्यासमोर दोरी बांधली की तीन तासांत मोजे वाळतात, असा शोध त्यांच्या मिसेसना लागला होता. "ती म्हणते, आणखी एक घ्या," शिक्षक म्हणाले. मिस्त्रींनी गंभीरपणे मान हलवली. "सुती कापडं असतील तर घ्या. लोकरीचं पाणी ह्येला झेपायचं न्हाय."

त्या मागून येणाऱ्या हवेचा आम्हालाही एकदा प्रसाद मिळाला. खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी यंत्रं पुजतात. आप्पांनी लेथ पुजला, मिस्त्रींनी पटाशा आणि रंधे पुजले आणि मग टॉवर टेबलावर घेऊन त्याच्यासमोर बसले. मी सांगितलं, मिस्त्री, बंद आहे तोवर कुंकू वरच्या पत्र्याला लावा, जाळीला नको. ते म्हणाले, "तोंडाला लावायचं सोडून टकुऱ्याला लावू काय?" आणि पुढच्या, पंख्यासमोरच्या जाळीला त्यांनी हळद-कुंकवाची सढळ बोटं ओढली, वर चिमूटभर अबीर. नेमके त्याच वेळी आमचे एक गिऱ्हाईक आले. मुरगूडचे होते, कागलच्या एमआयडीसीत त्यांची फौंड्री होती. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. मालक माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. म्हणजे टॉवरच्या पाठीशी.

मिस्त्रींनी नारळ फोडला आणि म्हणाले, "कर चालू."

चालू होताना सगळे पंखे एकदम पूर्ण जोरानं फिरतात. पुढून ओढलेलं सगळं मागून फुर्रकन बाहेर पडलं. मालक खुर्चीतच होते, पण आता जोतिबाच्या यात्रेतून गुलालात न्हाऊन आल्यासारखे दिसत होते. मिशासुद्धा गुलाबी झाल्या.

मिस्त्री म्हणाले, "मालक, यंत्रानं स्वतः लावलं. असलं नशीब लागतंय."

मालक हसले नाहीत, पण शर्ट झटकून काम देऊन गेले. तो शर्ट आठ दिवस भिजवून ठेवला होता, असं नंतर कळलं.

लॅपटॉपचा विषय मीच लावून धरला होता. कारण गिऱ्हाइकांना आता तिथल्या तिथं बघायचं असायचं. आम्ही इथं बसून चित्रं पाठवणार, ते तिकडून फोन करणार, "रायझर जरा डावीकडं घेतला तर?" रायझर म्हणजे साच्यावर ठेवलेला जास्तीच्या लोखंडाचा साठा, थंड होताना आत कमी पडलं तर तो पुरवतो. मग मी पुन्हा गणित लावणार, पुन्हा चित्रं. एका कामाला चार दिवस जायचे. हातात लॅपटॉप असता तर फौंड्रीत उभं राहून एका दुपारी मिटलं असतं. हे मी महिनाभर सांगितलं. एके दिवशी मिस्त्री म्हणाले, "ठीक हाय. लावू दोघांची कुस्ती."

कॉम्प्युटरच्या दुकानवाल्यानं एका दिवसासाठी त्याच्याकडचा सगळ्यात ताकदीचा लॅपटॉप दिला. मी दोन्हीकडं तेच मॉडेल आणि तेच गणित लावलं. संध्याकाळी बघायला आप्पा आले, शेजारचे वेल्डिंगवाले आले, समोरच्या चहाच्या टपरीवरचे बाकडे रिकामे झाले. मिस्त्रींनी रुमाल झटकला आणि मी दोन्हीकडची बटणं एकदम दाबली.

लॅपटॉप नवा होता, पहिल्या पंधरा मिनिटांत तो सरळ पुढं गेला. आप्पांनी शिट्टी मारली. मिस्त्री हाताची घडी घालून उभे. मग लॅपटॉप तापायला लागला. इतक्या पातळ अंगात एवढी उष्णता मावत नाही, मग तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टॉवर एका चालीनं घोंघावत मागून आला, बरोबरीला आला, पुढं गेला. आता मिस्त्री नाचतील असं मला वाटलं. पण ते लॅपटॉपजवळ गेले, त्याच्या पोटाखाली बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"आयला, लईच तापालंय की हे!"

कपाटातून त्यांनी लाकडाचे दोन ठोकळे आणले, लॅपटॉपच्या खाली सरकवले. तरी भागेना म्हणून टॉवरवर लावलेला टेबलफॅन फिरवून लॅपटॉपकडं केला.

"मिस्त्री!" आप्पा ओरडले. "दुसऱ्याच्या पैलवानाला वारा घालालाय काय? तुमचा तापंल की!"

"माझा घरचा हाय, सोसंल. ह्यो पावणा हाय. उद्या दुकानदार म्हणंल, मिस्त्रीच्या घरात उपाशी ठेवला."

वारा लागल्यावर लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. आता दोघं अगदी बरोबरीत. वेल्डिंगवाले टेबलावर चढले. आणि तेवढ्यात लाईट गेली.

टॉवरच्या यूपीएसनं लगेच बोंब मारायला सुरुवात केली. त्याची बॅटरी दहा मिनिटांची, ती मिस्त्रींसारखीच जुनी. मी घाईनं काम सेव्ह केलं आणि टॉवर बंद झाला. लॅपटॉप आपला बॅटरीवर सरपटत चालला होता, अर्ध्या वेगानं. सगळे काळोखात त्याच्या उजेडाभोवती उभे. पाऊण तासानं तोही विझला. कुणाचंच गणित पुरं झालं नव्हतं.

"दोघंबी पडले," आप्पांनी निकाल दिला. "पण लॅपटॉप मागनं पडला. म्हंजे लॅपटॉप जिंकला."

मिस्त्री तीन दिवस आप्पांशी बोलले नाहीत. आप्पांनी वर पाठवलेला चहा मात्र प्यायचे.

लॅपटॉप परत गेला आणि विषय मिटला असं वाटत असतानाच मुरगूडच्या त्या मालकांचा फोन आला. सकाळचे दहा वाजले होते. त्यांच्या फौंड्रीत पंपाचा एक मोठा भाग ओतला जात होता आणि प्रत्येक नग पाण्याच्या दाबाखाली गळत होता. पंपाच्या कंपनीचा इन्स्पेक्टर पुण्याहून आला होता आणि संध्याकाळी परत जाणार होता. त्याला आज कारण सापडलं नाही तर काम दुसऱ्या फौंड्रीला जाणार होतं. मालकांचं ते सगळ्यात मोठं काम. आणि आमच्याकडं येणारी निम्मी कामं मालकांची.

"इन्स्पेक्टर म्हणतोय, फोटो नगं. माझ्यासमोर चालवून दाखवा," मालक म्हणाले. "तुम्ही काय ते घेऊन या."

मालकांनी पाठवलेल्या ड्रॉइंगवरून मॉडेल मी आदल्या दिवशीच तयार केलं होतं, ओतून बघायचं बाकी होतं. मी फोन ठेवला आणि मिस्त्रींकडं बघितलं. लॅपटॉप असता तर, हे शब्द माझ्या तोंडावर आले असणार, कारण मिस्त्री लगेच म्हणाले, "गप. वाकळ आण."

आप्पा दुपारी ज्या वाकळेवर झोपायचे ती त्यांच्या विरोधाला न जुमानता वर आणली. टॉवर तिच्यात गुंडाळला, कासऱ्यानं बांधला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांवर घेतला, मी स्क्रीन, कीबोर्ड आणि वायरींची पिशवी. रस्त्यावर रिक्षा थांबवली तर रिक्षावाला घाबरला.

"कुठला दवाखाना?"

"कागल एमआयडीसी," मिस्त्री म्हणाले. "आणि हळू. बाळंतीण हाय असं समज."

पुढचा तासभर मिस्त्री टॉवर मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते सीटवरून अर्धवट उठायचे, धक्का आपल्या गुडघ्यात जिरवायचे आणि पुन्हा बसायचे. लक्ष्मी टेकडीच्या पुढं रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्हीच पळत गेला असता तर बरं झालं असतं."

फौंड्रीच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. "लॅपटॉप आसंल तर लिवा. बाकी सामान आत न्यायला पास लागतोय. ह्ये काय हाय?"

पास द्यायला माणूस जेवायला गेला होता. मिस्त्रींनी एक क्षण विचार केला. मग कानावरची पेन्सिल काढून रजिस्टरात लिहिलं: लॅपटॉप, थोरला, नग एक.

वॉचमननं वाकळेची घडी उचलून बघितली. "लईच थोरला हाय."

"वाढीचं वय हाय," मिस्त्री म्हणाले आणि आत शिरले.

भट्टीच्या शेजारच्या केबिनमध्ये इन्स्पेक्टर बसला होता. पंचविशीतला मुलगा, घड्याळ बघणारा. त्याच्या शेजारी मालक, आज निळा शर्ट घालून. मी सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन काळी. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू. स्क्रीन काळीच. मी स्क्रीनची वायर काढून पुन्हा घट्ट लावली. इन्स्पेक्टरनं मालकांकडं बघितलं. मालकांनी माझ्याकडं. मी मिस्त्रींकडं बघायला गेले तर मिस्त्री तिथं नव्हतेच.

ते दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी पॅटर्नसमोर उकिडवे बसले होते. त्या पंपाचाच पॅटर्न, बाहेरून कुणाकडून तरी केलेला. मिस्त्री डोळे मिटून त्याच्यावर हात फिरवत होते.

"मिस्त्री! स्क्रीन येईना!"

"आलो." त्यांनी जमिनीवरचा खडू उचलला, पॅटर्नवर जिथं गोल पोट सपाट तोंडाला मिळतं तिथं एक फुली काढली आणि आत आले.

वाकून त्यांनी जाळीची चौकट काढली, मान आत घातली. स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड वीटभर जड असतं आणि ते आडवं, एका टोकावर लटकलेलं असतं. रिक्षाच्या धक्क्यांनी ते खाली वाकून आपल्या खाचेतून निम्मं बाहेर आलं होतं. मला ते दिसलं नव्हतं, मिस्त्रींना दिसलं. माऊसला न शिवणाऱ्या माणसानं वीज काढायला लावली, कार्ड दोन बोटांनी अलगद दाबलं आणि 'कट्' आवाज ऐकून मान हलवली.

"पण पुन्हा वाकंल. टेकू पायजे."

खिशातून चाकू निघाला. दाराशी पडलेल्या खोक्याची एक फळी त्यांनी चिरली, बोटाएवढा तुकडा काढला, एका बाजूनं तासला, लावून बघितला, केसभर आणखी तासला. तुकडा कार्डाखाली असा बसला की जणू कारखान्यातून तसाच आला असावा. इन्स्पेक्टर घड्याळ विसरून बघत होता.

स्क्रीन उजळली. मी मॉडेल उघडलं, गणित लावलं. अर्धा तास आमचा टॉवर भट्टीच्या शेजारी भट्टीइतकाच घोंघावला. स्क्रीनवर लोखंड साच्यात शिरलं, भरलं, थंड व्हायला लागलं. कडा निळ्या झाल्या, पोट निळं झालं. शेवटपर्यंत लाल राहिली ती एकच जागा. जाड जागा शेवटी थंड होते, आणि आकसताना आतून स्पंजासारखी पोकळ राहते. पाणी तिथूनच गळत होतं.

इन्स्पेक्टर उठला, बाहेर जाऊन पॅटर्न बघून आला. पुन्हा स्क्रीन बघितली. लाल डाग आणि खडूची फुली एकाच जागी होती.

"ही फुली कुणी काढली?"

"मी," मिस्त्री म्हणाले. "इथं लाकूड जास्त सोडलंय करणाऱ्यानं. हाताला कळतंय."

मालक एकदम भडकले. "अवं मिस्त्री, मग हे सगळं बिऱ्हाड कशाला घेऊन आलासा? ह्ये फोनवर सांगितलं असतं तर?"

"ऐकला असता काय?"

मालक निळा शर्ट नीट करायला लागले.

"माझ्या तोंडाला स्क्रीन न्हाय, मालक," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "म्हणून ही उचलून आणावी लागती."

इन्स्पेक्टरनं जाड भाग कमी करायला आणि रायझर तिथं हलवायला लावला, पुन्हा चालवून बघितलं, सही केली. काम मालकांकडंच राहिलं. निघताना मालकांनी टॉवर स्वतः उचलून रिक्षापर्यंत आणला. तळाला हात घालून.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, मिस्त्री आता महिनाभर हीच गोष्ट सांगत बसतील. पण त्यांचे गुडघे दुखत होते. उद्यमनगराच्या वळणावर एवढंच म्हणाले, "दर खेपेला माझ्या गुडघ्यानं हे हुयाचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्याच दुकानात नेलं. लॅपटॉप कुठला घ्यायचा हे मला ठरवू दिलं. दुकानदारानं दिलेली चकचकीत बॅग मात्र नाकारली, कारण तिला तळ नव्हता. "लढाईला थोरला, गावाला धाकटा," असं आप्पांना जाहीर केलं आणि मग कितीतरी दिवस आप्पांनी कुठलाही प्रश्न विचारला की मीही तेच उत्तर द्यायचे. जड काम टॉवरवर, फिरतीचं लॅपटॉपवर. ज्यासाठी मी महिनाभर घसा कोरडा केला होता, ते जणू मिस्त्रींनाच सुचलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात आई गोठ्यात घसरली आणि तिचा पाय मोडला. मला महिनाभर मलकापुरात राहावं लागलं. लॅपटॉप होता म्हणून नोकरी टिकली. मी आईच्या खाटेशेजारी बसून काम करायचे, आणि रोज दुपारी चारला मिस्त्रींचा फोन यायचा. आधी आईचा पाय कसा आहे, मग लेकरू तापालंय काय. आठवड्याभरानं प्रश्न बदलले.

"इंजिनेर, त्ये गोल काढायचं बटन कुठलं गं?"

"कुणाला हवंय?"

"आप्पाचा भाचा आलाय. शिकालाय."

दोन दिवसांनी पुन्हा. "भाचा विचारालाय, चुकलं तर मागं जायाचं कसं?"

"कंट्रोल आणि झेड एकदम दाबायचं."

"किती येळा जाता येतंय मागं?"

"पाहिजे तितक्या वेळा जवळजवळ."

फोनवर पेन्सिल खरखरल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "लाकडात असलं न्हवतं."

महिना संपत आला तेव्हा एक फाईल आली. सोबत निरोप, भाच्याचं काम हाय, बघून सांग. मी उघडली. भिंतीला लावायची एक खुंटी होती. मागं चौकोनी पाटी, तिला स्क्रूची चार भोकं, पुढं वर वळलेला दांडा. चारातलं एक भोक किंचित वाकडं होतं, पण दांड्याची गोलाई अशी होती की बघतच राहावं. मी लॅपटॉपवर ती ओतून बघितली. मग फोन केला.

"मिस्त्री, भाच्याला सांगा, खुंटी झकास आहे. पण दांडा पाटीला मिळतो तिथं पोकळी राहतेय."

"ऱ्हाईल कशी? गोलाई दिलोय की!"

"कमी पडली."

"कमी कशी पडंल? चार बारी मोजून..." मिस्त्री थांबले. मागं लेथचा आवाज येत होता. "भाचा न्हाय," ते म्हणाले. "मी केलोय."

"माहीत आहे. आप्पांना बहीणच नाही."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

"कवा येणार हाईस?"

"सोमवारी."

"जरा लौकर ये. आप्पा यायच्या आत."

सोमवारी मी पहिल्या गाडीनं आले. दार उघडं होतं. टॉवर चालू होता. माझी खुर्ची मिस्त्रींनी पुसून रिकामी ठेवली होती आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसले होते. समोर कोरी वही, दोन टोकदार पेन्सिली. डावा हात टेबलावरच्या माऊसपासून एक वीत लांब.

"बस," ते म्हणाले. "पहिल्यापासनं सांग. आणि चुकलं तर वरडायचं न्हाय, बाई."